भावाला ओख्याच्या बोटीवर जाऊ देऊ का?

पत्र

ताई, नमस्कार. माझं सासर मढचं, माहेर डहाणूकडचं. आमची डोलीची बोट आहे, म्हणजे समुद्रात खुंट्यांना बांधून ठेवायच्या डोल जाळ्याची. फेब्रुवारीत तेलाचा सर्व्हे करणारं जहाज आलं आणि आमची दोन डोल जाळी तोडून गेलं. दोरखंड गेले, पिंपं गेली. माझे मालक, म्हणजे नवरा, म्हणतात, तक्रार कुणाकडे करायची, समुद्र त्यांचाच. दीर म्हणतात, सर्व्हेवाल्यांना जहाजापुढे राहून जाळी दाखवणारी गार्ड बोट लागते, आपली भाड्याने देऊ. त्या बोलण्यावरून सासरे दोन दिवस जेवले नाहीत. त्यात माझ्या धाकट्या भावाने गुजरातेतल्या ओख्याच्या बोटीवर खलाशी म्हणून जायला उचल घेतली आहे. 22 वर्षांचा आहे. नारळी पौर्णिमा झाली की निघणार. गावातले दोघं पाकिस्तानच्या तुरुंगात राहून आलेत, म्हणून आई रोज फोनवर रडते. भाऊ म्हणतो, समुद्रात पाकिस्तानच्या हद्दीची रेषा कुठे आहे ते सरकारलाच माहीत नाही, खाली तेल आहे म्हणून दोघं भांडतात, आम्ही काय करणार? त्याला काय सांगू? आणि आमच्या जाळ्यांचं काही मिळेल का?
— एक कोळीण, मढ

उत्तर

ताई, जाळ्यांचं नंतर बोलू. ते काम महिनाभर चालेल. भाऊ मात्र नारळी पौर्णिमेला निघणार, म्हणून आधी त्याचं.

या हंगामात त्याला ओख्याला जाऊ देऊ नका. उचल घेतली म्हणून माणूस बांधला जात नाही. वेठबिगारीविरुद्धचा कायदा 1976 सालापासून आहे आणि उचलीच्या बदल्यात कुणालाही जबरदस्तीने कामावर नेता येत नाही. पैसे मात्र परत करा, हप्त्याहप्त्याने का होईना, आणि प्रत्येक हप्त्याची पावती घ्या. पावती नसली तर पुढच्या वर्षी तोच आकडा पुन्हा अंगावर येतो, हे तुमच्या माहेरच्या गावाला मी सांगायला नको.

भाऊ म्हणतो ते अर्धं खरं आहे. कच्छ आणि सिंध यांच्यामध्ये सर क्रीक नावाची खाडी आहे, लांबी सुमारे 96 किलोमीटर, दोन्ही काठांना दलदल आणि चिखल. या भांडणाचा मूळ कागद आपल्या मुंबईतला आहे. तेव्हा सिंध मुंबई इलाख्यात होता, 1936 पर्यंत होता. खाडीकाठच्या सरपणावरून कच्छचे राव आणि सिंधचे अधिकारी यांच्यात तंटा झाला आणि 1914 मध्ये मुंबई सरकारने ठराव करून, नकाशा जोडून तो मिटवला. आज पाकिस्तान तो नकाशा पुढे करून म्हणतं, हद्द पूर्वेच्या काठाने जाते, म्हणजे सगळी खाडी आमची. भारत त्याच ठरावाचा आधार घेऊन म्हणतो, होड्या चालतात त्या पाण्यात हद्द मधल्या खोल प्रवाहातून धरायची असते. 1968 मध्ये कच्छच्या रणाचा निवाडा लागला, पण खाडी त्यातून बाहेर राहिली. 2007 मध्ये दोन्ही देशांनी मिळून मोजणीही केली. तोडगा निघाला नाही.

आता याचा बोटीशी काय संबंध, ते भावाला नीट समजावा. समुद्रातली हद्द खाडीच्या तोंडापासून आखायला घ्यायची असते. तिथला पहिला खुंटाच ठरलेला नाही, तर पुढची दोरी कुठून ताणणार? खुंटा काठावर काही किलोमीटर सरकला तरी शंभर-दोनशे मैल आत जाईपर्यंत मधलं पाणी केवढं वाढतं, हे डोल लावणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. त्या पाण्याखाली तेल-वायू असावा असा अंदाज आहे, त्यामुळे कुणीच मागे सरत नाही. इथपर्यंत भावाचं बरोबर. पण रेषा ठरलेली नाही म्हणजे कुणी पकडणार नाही, असा अर्थ काढू नये. उलट, ठरलेली नाही म्हणूनच दोन्हीकडची गस्त आपापल्या हिशोबाने पकडते. आपल्या सरकारने त्या मानलेल्या रेषेच्या अलीकडे मासेमारीला बंदी असलेला पट्टाही ठेवला आहे. तरी बोटी जातात, कारण अलीकडचं पाणी खरवडून झालं आहे आणि चांगली मासळी तिकडे आहे.

मला सगळ्यात जास्त त्रास होतो तो वेगळ्याच गोष्टीचा. बोट किती पुढे न्यायची हे तांडेल, म्हणजे बोटीचा कप्तान, ठरवतो. तांडेलाला शेठ सांगतो. जीपीएसचा पडदा तांडेलाच्या केबिनमध्ये असतो. तुमचा भाऊ मागे जाळं ओढत असणार किंवा बर्फात मासळी लावत असणार. आपण कुठल्या पाण्यात आहोत हे त्याला बंदूकवाली बोट आडवी आल्यावरच कळणार. तुरुंगात मात्र सगळे सारखेच बसतात.

आणि प्रत्येक वेळी तुरुंगावरच भागतं असंही नाही. नोव्हेंबर 2021 मध्ये ओख्याहून निघालेल्या एका बोटीवर पाकिस्तानच्या सागरी सुरक्षा दलाने गोळीबार केला. त्यात पालघर जिल्ह्यातला एक खलाशी गेला. तुमच्या आईला हे पाठ असेल. तिच्या रडण्याला वेडेपणा म्हणू नका, भावालाही म्हणू देऊ नका.

कायदा मच्छीमाराच्या बाजूने अगदीच नाही असं नाही. 1982 चा संयुक्त राष्ट्रांचा समुद्र कायदा भारताने 1995 मध्ये आणि पाकिस्तानने 1997 मध्ये मान्य केला. त्याचं 73 वं कलम सांगतं, की किनाऱ्यापासून 200 मैलांपर्यंतच्या आर्थिक क्षेत्रात परक्या बोटीने मासेमारीचे नियम मोडले तर बोट पकडा, दंड करा, पण जामीन मिळाल्यावर बोट आणि माणसं लवकर सोडा. दोन देशांत वेगळा करार नसेल तर कैदेची शिक्षा देऊ नका. मात्र पहिल्या 12 मैलांच्या सागरी हद्दीला हे कलम लागू नाही, आणि घुसखोरीचं कलम लावलं की मासेमारीचा मुद्दाच बाजूला पडतो. मे 2008 मध्ये दोन्ही देशांनी कैद्यांबाबत करारही केला. दर 1 जानेवारीला आणि 1 जुलैला एकमेकांना याद्या द्यायच्या, अटक झाल्यापासून तीन महिन्यांत वकिलातीच्या माणसाला भेटू द्यायचं, शिक्षा संपून राष्ट्रीयत्व पटलं की महिन्याभरात सोडायचं. याद्या वेळेवर जातात. माणसं वेळेवर येत नाहीत. शिक्षा संपते काही महिन्यांत, आणि पुढची वर्षं ‘पडताळणी’त जातात.

ही पडताळणी कुठे अडते ते मी जवळून पाहिलं आहे. किनाऱ्यावरच्या एका घरी गेले होते. त्या बाईने नवऱ्याचे सगळे कागद दुधाच्या धुतलेल्या पिशवीत ठेवले होते, वर रबर लावलेलं. आधारवर नाव एक, रेशनकार्डावर थोडं वेगळं, आणि तिकडे त्याने सांगितलेलं हाक मारायचं नाव तिसरंच. चौकशीचा कागद एकदा परत गेला होता, तो पुन्हा फिरून यायला चार महिने लागले. ती मला विचारत होती, नाव मी बदलून घेऊ का, म्हणजे ते त्याला सोडतील? मला तिच्या डोळ्यांकडे बघवलं नाही.

म्हणून, इतकं सांगूनही भाऊ जायचंच म्हणाला, तर निघण्यापूर्वी घरी बसवून काही गोष्टी करून घ्या. आधार, रेशनकार्ड, शाळेचा दाखला यांवरचं नाव एकच असू दे. नसेल तर आधी दुरुस्ती, मग ओखा. मच्छीमाराचं ओळखपत्र मूळ बरोबर नेऊ दे, घरी त्याची छायाप्रत ठेवा. बोटीचं नाव, नोंदणी क्रमांक, मालकाचं आणि तांडेलाचं पूर्ण नाव, फोन हे सगळं आईच्या हाती लिहून द्यायला लावा. गुजरातेत बोट निघताना टोकन काढावं लागतं आणि त्यावर खलाशांची नावं असतात. दर फेरीला त्या टोकनचा फोटो घरी यायलाच हवा. ज्या बोटीच्या टोकनवर त्याचं नाव नाही, तिच्यावर त्याने पाय ठेवायचा नाही. नाव नसलेला खलाशी पकडला गेला, की शेठ ओळख दाखवत नाही आणि घरच्यांना दारोदार फिरून सिद्ध करावं लागतं की आमचा पोरगा समुद्रात होता. केंद्राच्या मत्स्यसंपदा योजनेतला अपघात विमा आहे, मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर 5 लाख रुपये. त्यासाठी नावाची नोंदणी लागते, ती जाण्याआधी करा. आणि बोट कुठे आहे ते किनाऱ्याला कळवणारं यंत्र, ट्रान्सपॉन्डर, बोटीवर आहे का, तो चालू असतो की रेषेजवळ गेल्यावर बंद करतात, हे त्याने तांडेलाला तोंडावर विचारावं. बंद करणाऱ्याच्या बोटीवर जाऊच नये.

आता तो म्हणाला ते तेलाचं. तेलाचा प्रश्न सुटला की मच्छीमार सुटेल, असं त्याला वाटतं. मलाही पूर्वी वाटायचं. पण रेषा ठरली की मासे धरणाऱ्याचं भलं होतंच असं नाही. कच्चतीवू बेटाचं बघा. भारत आणि श्रीलंकेने 1974 मध्ये पाल्कच्या सामुद्रधुनीतली रेषा ठरवली, बेट तिकडे गेलं. रामेश्वरमच्या लोकांना तिथे जाळी वाळवायला, विसावा घ्यायला मुभा राहिली, पण 1976 च्या दुसऱ्या करारानंतर एकमेकांच्या पाण्यात मासेमारी बंद झाली. रेषा अगदी स्पष्ट आहे, तरी पन्नास वर्षं तमिळ मच्छीमार पकडले जाताहेत. त्याच 1976 च्या करारात कन्याकुमारीखालची वॅज बँक भारताकडे आली, मासळीने भरलेला उथळ पट्टा. आता त्या बाजूला तेलशोधाचे ब्लॉक काढले म्हणून तिथले मच्छीमार रस्त्यावर आले आहेत.

दुसरीकडे याच्या उलट झालं. तांबड्या समुद्रात हानिश नावाच्या बेटांवरून येमेन आणि एरिट्रिया यांच्यात 1995 मध्ये गोळ्या झाडण्यापर्यंत वेळ आली. प्रकरण लवादाकडे गेलं. 1998 मध्ये लवादाने मोठी बेटं येमेनला दिली, पण त्याच निकालात लिहिलं की दोन्ही किनाऱ्यांचे गरीब मच्छीमार पिढ्यान् पिढ्या त्या पाण्यात येतात-जातात, ती वहिवाट तशीच चालू राहील. 1999 मध्ये दुसऱ्या टप्प्यात हद्दीची रेषा आखली तेव्हाही रेषेमुळे ती वहिवाट अडली नाही. म्हणजे बेट कुणाचं, तळाखालचं तेल कुणाचं आणि वर जाळं कुणी टाकायचं, या तीन गोष्टी वेगवेगळ्या करता येतात. करायची इच्छा मात्र लागते. आणि वहिवाट कुणीतरी मांडावी लागते.

अजून एक निकाल मला फार महत्त्वाचा वाटतो, तुमच्या जाळ्यांच्या दृष्टीनेही. गयाना आणि सुरिनाम यांच्यातल्या वादग्रस्त पाण्यात 2000 साली गयानाच्या परवान्यावर एक तेलाचं रिग आलं आणि सुरिनामच्या नौदलाने ते हुसकावलं. 2007 मध्ये लवादाने निकाल दिला. वाद मिटेपर्यंत आवाजाच्या लाटा सोडून तळाची पाहणी करणं चालेल, कारण त्याने तळ कायमचा बदलत नाही. पण एकट्याने भोकं पाडून तेल शोधणं चालणार नाही. निकाल योग्य आहे, फक्त तो तळापुरता. पाहणीने तळाला काही होत नसेल, वरच्या जाळ्याला होतं. ते लिहायला त्या खोलीत एखादा कोळी हवा होता.

तर आता मढकडे येते.

सर्व्हेचं जहाज मागे किलोमीटरच्या किलोमीटर लांब केबल ओढतं, हवेच्या तोफा ठरावीक वेळाने पाण्यात धडकत राहतात आणि तळाखालून परत आलेला आवाज केबल टिपते. ही केबल ओढत असताना जहाजाला चटकन वळता येत नाही, थांबता येत नाही. तुमची डोल खुंट्यांना बांधलेली, जागची हलत नाही. दोघांनाही शांत समुद्र लागतो, म्हणून सर्व्हे नेमका पावसाळ्यानंतरच्या हंगामात येतो. टक्कर ठरलेलीच आहे. त्यात कुणी खलनायक असायलाच हवा असं नाही, पण नुकसान कुणाचं झालं हे स्पष्ट आहे, आणि ते भरून मागणं ही भीक नाही.

मालक म्हणतात समुद्र त्यांचाच. तसं नाही. पहिल्या 12 सागरी मैलांतली मासेमारी राज्याच्या कायद्याखाली येते, महाराष्ट्राचा तो कायदा 1981 चा आहे. त्यापुढे 200 मैलांपर्यंत केंद्राचा अंमल, आणि तेलाच्या सर्व्हेचा कारभार पेट्रोलियम मंत्रालयाकडे, त्यांच्या हायड्रोकार्बन महासंचालनालयाकडे. म्हणून जाळी नेमकी किती मैलांवर तुटली हे आधी लिहा, जीपीएसच्या आकड्यांसकट. फेब्रुवारीचे आकडे यंत्रात अजून असतील तर आजच उतरवून घ्या. सागरी पोलिसांकडे लेखी तक्रार, मत्स्यव्यवसाय खात्याच्या सहायक आयुक्तांकडे पंचनाम्याची मागणी, दोन्हींची पोच शिक्क्यासह. उशीर झाला आहे, पण त्यामुळे हक्क बुडत नाही. जाळ्याची, दोरखंडाची बिलं मच्छीमार सोसायटीतून मिळतील. तुटलेला दोर फेकून दिला नसेल तर तो ठेवा. कापलेल्या दोराचं टोक आणि झिजून तुटलेल्या दोराचं टोक वेगळं दिसतं, पंचनाम्याला ते कामाला येतं. अशा सर्व्हेची सूचना जहाजांना आधी दिलेली असते. ती तुमच्या सोसायटीला आली होती का, मराठीत आली होती का, किती दिवस आधी, हे सोसायटीच्या सेक्रेटरीकडून लिहून घ्या. तुमचा दावा बराचसा त्यावर उभा राहील. एकट्याचा अर्ज टेबलावर पडून राहतो. त्या आठवड्यात अजून कुणाकुणाची जाळी गेली ते शोधा आणि एकत्र द्या.

एक गोष्ट मात्र तेलवाल्यांच्या बाजूने सांगते. मुंबईसमोरच्या समुद्रातल्या मुंबई हाय तेलक्षेत्राच्या प्लॅटफॉर्मभोवती 500 मीटरच्या आत जायला मनाई आहे, आणि खांबांना मासळी लागते म्हणून आपली मुलं तिथे घुसतात. 26 जुलैच्या पुरात आपण सगळे अडकलो होतो, त्याच्या दुसऱ्या दिवशी, 27 जुलै 2005 ला, तिथे काय झालं आठवा. बोटीवरच्या एका आचाऱ्याची बोटं कापली, खराब हवेमुळे हेलिकॉप्टर येईना, म्हणून त्याला प्लॅटफॉर्मवर चढवण्यासाठी बोट जवळ आणली आणि ती तेल-वायूच्या नळावर आदळली. काही तासांत अख्खा प्लॅटफॉर्म जळून पाण्यात गेला. 22 माणसं गेली. ती बोट तर त्यांच्याच कामावरची होती. तेव्हा त्या 500 मीटरसाठी भांडू नका. भांडण बाहेरच्या पाण्यासाठी असू दे.

दिरांचं म्हणणं चुकीचं नाही. गार्ड बोट म्हणून बोट दिली म्हणजे दर्या विकला असं होत नाही. उलट, डोल कुठे आहे हे ओळखणारा आपला माणूस त्या जहाजाच्या पुढे असला तर बरंच. फक्त भाड्याच्या करारात जुन्या नुकसानीवर पाणी सोडल्याचं वाक्य नाही ना, ते कुणाकडून तरी वाचून घ्या. सही दिरांची आणि नुकसान मालकांचं, असा घोळ घरात होऊ देऊ नका.

सासऱ्यांचं मला वेगळं सांगायचं आहे. ते जेवले नाहीत, कारण त्यांना वाटलं की पुढची पिढी कव, म्हणजे डोल लावायची आपली ठरलेली जागा, सोडून देतेय. कोणती कव कुणाची, आजोबांनी कुणाकडून घेतली, भावांत वाटणी कशी झाली, कुठल्या डोंगराची शेंडी कुठल्या दिव्याच्या रेषेत आली की खुंटा तिथे, हे सगळं त्यांच्या डोक्यात आहे. कवींवरून वसई, उत्तन, सातपाटी, डहाणू यांच्यात वाद आहेतच, ते मिटवायलाही हीच माहिती लागते. सर्व्हेवाल्यांच्या नकाशावर तुमच्या जागी नुसती खोली लिहिलेली असते, अमुक मीटर. मढचं नाव नसतं. हानिशच्या मच्छीमारांसारखी वहिवाट आपल्यालाही कधीतरी मांडावी लागणार, आणि सासऱ्यांनंतर ती सांगायला कुणी उरणार नाही.

दोनशे पानी वही आणा. संध्याकाळी ते जाळं सांधायला बसले की शेजारी बसा आणि एकेक कव विचारा. नाव, खूण, खोली, कधीपासून, शेजारी कुणाची. मालकांना पुढच्या फेरीत त्याच जागी जीपीएसचा आकडा घ्यायला सांगा आणि तो समोर लिहा. दहा-बारा कवी झाल्या की सोसायटीत नेऊन तारखेसह शिक्का मारून घ्या, शक्य झालं तर गावातल्या इतरांनाही वह्या करायला लावा. भाऊ यंदा थांबला तर त्याला मढला बोलवा. त्याला जीपीएस कळतो, सासऱ्यांना खुणा कळतात, आणि बोटीवर हाताखाली माणूस तुम्हाला लागतोच.